नऊ नंबरचा माग आणि माझा डावा कान

समस्त वाचकांना, त्यांच्या आप्तेष्टांना आणि विशेषतः ज्यांच्या खिशात या क्षणी आगपेटी आहे अशा सर्व सज्जनांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, मी आज माझ्या कानातल्या मळाविषयी लिहिणार आहे. उभे राहण्याची आवश्यकता नाही, बसूनच वाचावे. फक्त कानात काडी घातलेली असेल तर ती आधी बाहेर काढावी.

हसलात? हसा. आता मीही हसतो. पण ते आठ दिवस असे गेले होते की जेवताना घास हातात तसाच राहायचा... आणि बायको म्हणायची की माझा चेहरा परीक्षेत कोरा पेपर दिलेल्या पोरासारखा झालाय.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे वाक्य इथे प्रत्येक जण लिहितो, ठाऊक आहे मला. पण माझ्याकडे पुरावा आहे. मी मूळचा मलकापूरकडचा. आमच्या गावात चिंचेवर एक, पडक्या विहिरीत एक आणि पोस्टाच्या मागे एक अशी तीन भुतं होती. तिघांची नावं सगळ्या गावाला पाठ. तिन्ही ठिकाणी मी लहानपणी पैज लावून लघवी करून आलेलो आहे. भुतांनी काही केलं नाही. पोस्टमास्तरांनी मात्र मारलं.

तर असा मी. आता प्रसंग सांगतो, ठिकाणासकट.

सुरत, कतारगाम. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी पळालेली माणसं परत आली होती आणि गल्ल्या पुन्हा खडखडायला लागल्या होत्या, त्यानंतरचं हे एक-दोन वर्षांतलं. एका खात्यात — सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात — मी मास्टर होतो. चोवीस माग, दोन रांगा, मध्ये जेमतेम दीड माणसाची वाट. राहायला खोली खात्याच्याच मागे, शेठनेच दिलेली. म्हणजे नोकरी गेली की त्याच दिवशी छप्परही गेलं, असा सोयीस्कर हिशेब. घरात मी, बायको सिंधू आणि पहिलीत जाणारी मुलगी.

मास्टरचं काम म्हणजे काय, ते आधी समजून घ्या, नाहीतर माझी तडफड कळायची नाही. चोवीस माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. खाणाखुणांनीच चालतं सगळं. पण मास्टरला त्या गदारोळात प्रत्येक माग वेगळा ऐकू यावा लागतो. कुठला दमलाय, कुठल्याचा पट्टा सैल झालाय, कुठला खोटं बोलतोय! बिघाड डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतो. मी दारात उभा राहून, डोळे मिटून, "सतरा नंबर बंद करा" असं हाताने दाखवायचो आणि कारीगर कपाळाला हात लावायचे. (थोडं नाटक होतं त्यात. थोडं.) शेठ वीस वर्षं आम्हा लोकांत राहून स्वतःचंच एक मराठी बोलायला लागला होता. तो आल्यागेल्याला सांगायचा, "मास्टरचा कान हाय तोवर मी आरामथी झोपतो."

आता त्या कानाचे मी काय हाल केले होते तेही कबूल करतो. त्या आवाजापासून बचाव म्हणून आम्ही सगळेच सुताच्या वेस्टची, म्हणजे टाकाऊ धाग्यांची, गोळी करायचो, ती मागाच्या तेलात बुडवायची आणि कानात ठासायची. मास्टर असल्यामुळे मी उजव्या कानातली जरा सैल ठेवायचो. सुट्टी झाली की गोळी काढायची आणि मग आगपेटीची काडी घेऊन ओट्यावर बसायचं. अहाहा! डोळे अर्धे मिटून, मान तिरकी करून कान कोरण्यात जे सुख आहे ते इथल्या कित्येकांना ठाऊक असेल, सभ्यपणामुळे बोलत नसतील. वर सिंधूच्या हातचं लसूण टाकून कढवलेलं तेल, दर सुट्टीला दोन-दोन थेंब. नऊ वर्षं. मला वाटायचं, माझ्याइतके स्वच्छ कान अख्ख्या सुरतेत कुणाचे नसतील.

एका शुक्रवारी — आमच्या लाइनीतल्या खात्यांची सुट्टी शुक्रवारी असायची, त्या दिवशी वीजच बंद — मी डोक्यावरून आंघोळ केली. पाणी कानात गेलं. मान झटकली, एका पायावर उड्या मारल्या. आणि कुणीतरी दुकानाचं शटर ओढावं तसे दोन्ही कान बंद झाले.

सिंधू समोर उभी. तोंड हलतंय. आवाज मात्र तीन गोधड्यांखालून येतोय.

"पाणी गेलं असंन," ती ओरडून म्हणाली. "निंघन आपोआप."

निघालं नाही. शनिवारी सकाळी खात्यात शिरलो आणि पायाखालची जमीन सरकली. चोवीस माग चालू होते. मला फक्त एक जाड घुमघुम ऐकू येत होती, दूर कुठेतरी गिरणी चालावी तशी. सतरा नंबर नाही, चार नंबर नाही, कुणीच नाही. ओळखीच्या चोवीस माणसांनी एकाच वेळी पाठ फिरवावी, तसं.

मग सुरू झालं माझं सोंग.

मागाच्या लोखंडावर हात ठेवून थरथर तपासायची, हा पहिला उपाय. दुसरा त्याहून मोठा. डिसमिस — आपला स्क्रू-ड्रायव्हर हो, सुरतेत त्याला डिसमिस म्हणतात — मागाला टेकवायचा आणि त्याची मूठ दातात धरायची. हाडातून थोडा आवाज डोक्यात पोचतो. खरंच पोचतो, करून बघा. चालू मागाशी नका करू. मी दात विचकून मागाला लोंबकळलोय, असं शेठने दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा त्याने कानाशी येऊन विचारलं, "मास्टर, मशीनला चावते का रे?"

घरी उपायांची जत्राच भरली होती. लसणाचं तेल दुप्पट झालं. मिठाची गरम पुरचुंडी झाली. शेजारच्या बाईने सांगितलं म्हणून फुंकणीने फुंकर मारून झाली — सिंधूने ती इतक्या जोरात मारली की मी पाटावरून खाली आलो. रोज काडी तर चालूच, आता जास्त आत, जास्त रागाने. प्रत्येक उपायानंतर गोधडी आणखी एक वाढायची. सिंधू कुकरपाशी बसवून मला विचारायची, "आली का शिट्टी आयकू?" मी मान हलवायचो. खोटी. तिला कळायचं. एकदा पोळी लाटता लाटता ती पाठमोरी झाली आणि तिचे खांदे हलताना मला दिसले. ऐकू काहीच आलं नाही.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरकडे का नाही गेला? भीती, दुसरं काय. मला पक्कं वाटत होतं की नऊ वर्षांच्या खडखडाटाने पडदे फाटलेत. डॉक्टरने कागदावर 'बहिरा' असं लिहून दिलं तर? जोवर कागद नाही तोवर मी बहिरा नाही, असं माझं कायदेशीर मत होतं.

बुधवारी सतरा नंबरचा ताणा, म्हणजे उभे धागे, तुटत राहिला आणि मला पत्ता लागला नाही. वीस मीटर कापड वाया. शेठ ओरडला नाही. तो माझ्यासमोर आला, कानाजवळ वाकला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला. मी ओळखीचं हसलो. मग तो मागे सरून माझ्याकडे बघत राहिला... तेव्हा कळलं, त्याने परीक्षा घेतली होती.

"शनिवारे दुसरा मास्टर येईल," आता तो मोठ्याने म्हणाला, मला ऐकू जावं म्हणून, आणि म्हणून अख्ख्या खात्याला ऐकू गेलं. "तो बघेल. मग आपण बोलू."

गुरुवारी ते सुरू झालं.

डाव्या कानात खट्-टक्, खट्-टक्. आधी वाटलं, नाडी उडतेय. पण नाडी असं बोलत नाही. नऊ नंबरच्या मागाचा एक पाय कधीतरी तुटला होता, तो वेल्डिंग करून जोडलेला. त्यामुळे त्याचा ठोका दुहेरी पडायचा, लंगड्या माणसाच्या चालीसारखा. असा ठोका चोवीसात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. तोच मला घरी ऐकू येत होता! पाणी पिताना, चपला घालताना, मुलीची वेणी बघताना. मी ठरवलं की कानांपाठोपाठ आता डोकं चाललं.

शुक्रवार, सुट्टी. सकाळीच सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात गेलो. तिथे चौकात एक कान साफ करणारा बसायचा. लाल टोपी, कानावर खोचलेल्या कापूस गुंडाळलेल्या काड्या. ही मंडळी कशी, तुम्हाला ठाऊकच असेल. कानातून हरभऱ्याएवढा खडा काढून दाखवतात, तो मुळात त्यांच्याच बोटांत असतो. मला ते माहीत होतं. तरी गेलो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात... माझ्या बाबतीत तर काडीनेच बुडवलं होतं.

त्याने माझा डावा कान ओढला, आत डोकावला, सळई उचलली. आणि थांबला. मग त्याने आपला कान माझ्या कानाला लावला, भर चौकात, रिक्षांच्या मध्ये. थोडा वेळ तसाच. सळई परत पेटीत ठेवली आणि माझ्या उजव्या कानात ओरडला, "आप दवाखाने जाओ, भाईसाब. हम इसमें हाथ नहीं डालेंगे."

"क्यों?"

"अंदर मशीन चलती है."

मी खड्याला तयार होतो हो! दोन खडे दाखवले असते तरी हसत हसत घेतले असते. पण त्याने माझ्याकडून काही घेतलं नाही, पेटी उचलली आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन बसला. आपल्याला वेड लागलंय हे माणूस एक वेळ पचवतो. दुसऱ्यालाही तेच ऐकू आलं, तर काय करायचं?

घरी आलो. दुपारचे बारा-साडेबारा. अख्ख्या लाइनीची वीज बंद, सगळी खाती कुलूपबंद, गल्लीत चिमण्यांचा आवाज यावा एवढी शांतता. अर्थात हे सिंधूने सांगितलेलं. मी तिला घडलं ते सांगितलं. तिला वाटलं, त्या माणसाने थट्टा केली.

"थांबा, मी पाह्यतो," म्हणाली. आमच्याकडे बायकाही पाह्यतोच म्हणतात. पदर खोचला आणि कान माझ्या डाव्या कानाला लावला.

तिचा श्वास थांबलेला मला गालावर जाणवला.

मग मुलीची पाटी ओढून तिने लिहिलं — *चालून राह्यलं.* तिने परत कान लावला, आणि या वेळी बोटांच्या सांध्यांनी ती माझ्या पाठीवर ताल वाजवू लागली. खट्-टक्. खट्-टक्. खट्-टक्... मग मध्येच एक सरपट, पाठीच्या डाव्या बाजूला नखांनी ओढलेली. पुन्हा खट्-टक्. आठ-नऊ ठोके झाले की परत सरपट.

ही बाई आयुष्यात कधी खात्यात आत आलेली नव्हती.

आणि ती सरपट मला ऐकू येत नव्हती. पाठीवर मात्र कळली. मागाच्या दोन्ही बाजूंना लाकडी दांडे असतात, ते धोट्याला फटका मारून इकडून तिकडे पाठवतात. धोटा म्हणजे सुताचं लाकडी होडकं, दोन्ही टोकांना पोलादी टोक. तो दांडा आतून चिरला की फटका मध्येच असा घसरतो. आणि एक दिवस पुरता घसरला की धोटा मागातून सुटून बाणासारखा बाहेर येतो. समोरच्या कारीगराच्या छातीच्या, नाहीतर डोळ्याच्या उंचीवर. असा एक गेलेला डोळा मी पाहिलाय.

"उद्या नऊ नंबर बंद करा लागते," मी म्हणालो.

सिंधूने पाटी पुसून लिहिलं — *शेठले काय सांगसान?*

तोच तर प्रश्न होता. माझी नोकरी आधीच लोंबकळत होती, आणि मी जाऊन सांगणार की माझा बंद पडलेला कान चालू मागाविषयी असं असं म्हणतो?

शनिवारी नवा मास्टर आला. नंदुरबारकडचा, माझ्यापेक्षा तरुण, इस्त्रीचा शर्ट, कान लखलखीत. शेठ त्याला घेऊन रांगेतून फिरत होता. नऊ नंबरवर रामदास होता, आमच्याच भागातला, दोन लेकरांचा बाप. माग सुरळीत चालला होता. कापड स्वच्छ. माझ्या कानात खट्-टक्, खट्-टक्.

मी मनात म्हटलं, नोकरी आज तशीही जाणारच आहे, मग धड तरी जाऊ दे. आणि जाऊन नऊ नंबरचं हँडल ओढलं.

रामदास माझ्या कानात ओरडला, "काय झालं मास्तर? चांगला तं चालून राह्यला!"

"डावा दांडा चिरलाय."

नवा मास्टर आला. त्याने दांडा वरून खालून पाहिला, हातोडीने टकटक केली, बोट फिरवलं. शेठकडे बघून मान हलवली. काही नाही. माग पुन्हा चालू केला, दोन मिनिटं कान देऊन ऐकला, पुन्हा मान हलवली. शेठने मला बाहेर चलायची खूण केली. ती खूण मला चांगली माहीत होती. मी इतरांना केलेली होती.

मी गेलो नाही. माग बंद केला, पाना घेतला आणि सगळ्यांसमोर दांडा खोलायला लागलो. नट दोनदा हातातून खाली पडला. शेठ काहीतरी ओरडत होता. काय ते देवाला आणि तेवीस मागांना माहीत. दांडा निघाला. दिसायला ठणठणीत. एक क्षण मलाच वाटलं, संपलं... मी वेडा आहे, आणि आता ते सर्वांसमक्ष सिद्ध झालं. मग मी तो उंबऱ्यावर तिरका ठेवला आणि वर पाय दिला.

वाळक्या वांग्याच्या देठासारखा मोडला. आतून चीर तेलाने काळी पडलेली, म्हणजे जुनी. वरती जेमतेम पापडाच्या जाडीचं लाकूड शाबूत होतं.

रामदासने तो तुकडा हातात घेतला, मागासमोरच्या आपल्या जागेकडे बघितलं आणि तिथेच खाली बसला. नव्या मास्टरने चहा घेतला आणि जाताना माझ्या पाया पडला. शेठने विचारलं, कळलं कसं? खोटं सांगायची ताकद उरली नव्हती. होतं ते सगळं सांगितलं, चौकातल्या लाल टोपीसकट. शेठ माझ्या डाव्या कानाकडे बघत राहिला, देव्हाऱ्याकडे बघतात तसा.

नऊ नंबरला नवा दांडा बसला. संध्याकाळी सिंधूने परत कान लावला आणि पाटीवर लिहिलं — *आता बरोबर चालून राह्यलं.* सरपट नव्हती.

एवढं झाल्यावर कुठे मला डॉक्टरकडे जायचं धैर्य आलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बॅटरीने आत पाहिलं आणि मी सांगितलं म्हणून स्टेथोस्कोप माझ्या डाव्या कानावर ठेवला. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ ठेवला. मग विचारलं, "काम कुठे करता?" बस, एवढंच. मळ मऊ करायला थेंब दिले आणि सोमवारी बोलावलं. सोमवारी कोमट पाण्याची मोठी पिचकारी मारली, आणि बशीत काय पडलं ते मी जेवणाऱ्या वाचकांसाठी सांगत नाही. दोन बुचं, काळी, आत सुताचे धागे.

त्या जे बोलल्या ते मात्र सांगतो, फुकट आहे. कानातला मळ ही घाण नाही. धूळ, किडे आणि पाणी अडवायला कान तो स्वतःच तयार करतो आणि स्वतःच हळूहळू बाहेर सरकवतो. आपण काडी घालून त्याला आत ढकलतो, गोळीने ठासतो, आंघोळीच्या पाण्याने फुगवतो आणि मग म्हणतो बहिरे झालो. पडदे माझे शाबूत होते. "नऊ वर्षं तुम्ही कान साफ नाही केला, बंदूक भरली," त्या म्हणाल्या. त्यांच्या खुर्चीचं कुरकुरणं मला ऐकू आलं आणि मी तिथेच रडलो.

पिचकारीनंतर खट्-टक् थांबलं. परत कधी आलं नाही. त्या खात्यात मी पुढे अकरा वर्षं काढली, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळाला. दात लावून फिरताना नऊ नंबरची चीर मला नकळत जाणवली असेल, आणि तीच डोक्यात वाजत राहिली असेल — इतकं मी मान्य करतो. पण मग कान साफ करणाऱ्याने काय ऐकलं? बंद विजेच्या दुपारी सिंधूने पाठीवर काय वाजवलं? डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न का विचारला? सिंधूला विचारलं तर ती म्हणते, "चालून राह्यलं होतं, बस." तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा, मी ऐकेन. आता ऐकू येतं.

तर सोमवारी दुपारी दोन्ही कान मोकळे घेऊन, जवळजवळ नाचतच खात्यात गेलो. चोवीसच्या चोवीस माग वेगवेगळे ऐकू येत होते. शेठ दारातच उभा होता, बाजूला शेजारच्या खात्यांचे दोन मालक मुद्दाम बोलावलेले. माझ्या डाव्या कानाकडे बोट दाखवून त्याने हौसेने विचारलं, आज कितवा नंबर बोलतोय? मी आनंदाने सांगितलं की कोणीच नाही, डॉक्टरांनी सगळा मळ काढून टाकला, कान साफ आहेत. त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं घरी कुणी गेलं. आणि दोन पाहुण्यांसमोर, एवढ्या खडखडाटातही सहा नंबरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शेठच्या तोंडून निघून गेलं —

"काढून टाकला? मला विचारल्या वगर?"